ईशान्येची शिडी

शंकर नगरातल्या एका इमारतीत खाली गाद्यांचं दुकान, मधे दातांचा दवाखाना आणि सगळ्यांत वर जहाजं, अशी व्यवस्था होती. जहाजं म्हणजे त्यांचे नकाशे. ‘सागररेखा इंजिनिअरिंग’ असं भारदस्त नाव असलेल्या त्या ऑफिसात आठ-दहा माणसं दिवसभर कॉम्प्युटरसमोर बसून परदेशी जहाजांच्या शिड्या, झाकणं, कठडे आणि संडास काढत असत. रायपुराहून कोणत्याही दिशेला निघालं तरी समुद्र लागायच्या आधी घरून आणलेला डबा संपतो. ऑफिसात समुद्र प्रत्यक्ष पाहिलेला माणूस एकच, मालक भार्गव. लग्नानंतर तो जगन्नाथपुरीला जाऊन आला होता. पाण्यात मात्र उतरला नव्हता, कारण बायकोला सर्दी होती. ऑफिसचा सागरी अनुभव एवढाच.

श्यामकांत पिंपळापुरे तिथला सगळ्यांत जुना. आधी तो भार्गवच्या वडिलांकडे घरांचे नकाशे काढायचा. चौबे कॉलोनीतली आणि समता कॉलोनीतली निम्मी घरं त्याच्या हातची, असं तो सांगे. उरलेल्या निम्म्यांबद्दल त्याचं मत वाईट होतं. पुढं घरांचं काम तरुण पोरांनी पळवलं. तेव्हा भार्गवला शोध लागला, की रायपुरातल्या माणसाला महिनाभर बसवायचा खर्च परदेशातल्या माणसाच्या एका जेवणाएवढा आहे, आणि हे तिकडच्या कंपन्यांना कोणी सांगितलेलं नाही. त्यानं सांगितलं.

“घर काय न् जहाज काय, श्याम भाऊ,” तो म्हणाला होता, “माणूस झोपते, जेवते, बाथरूमले जाते. बाकी सब पानी है.”

‘ओशन पेशन्स’ हे त्यांच्या हाती आलेलं पहिलं मोठं जहाज. मुळात ते पुरवठा जहाज होतं. समुद्रात उभ्या असलेल्या तेलविहिरींना पाइप, पिण्याचं पाणी, बटाटे आणि माणसं पोचवायचं. अशा जहाजाची ठेवण ट्रकसारखी असते. माणसांची खोली पुढं नाकाशी, आणि मागं लांबच लांब, सपाट, पाण्याच्या जेमतेम वर असलेला डेक, ज्यावर काहीही लादावं. तेलाचा धंदा बसला तेव्हा मालकांनी ठरवलं, की याच ट्रकला आता केबल टाकायला लावू. एका बेटाला वीज द्यायची होती. मनगटाएवढी जाड, पोलादी तारांचं चिलखत घातलेली केबल समुद्राच्या तळाशी अंथरायची होती. त्यासाठी मागच्या डेकमध्ये दोन गोल टाक्या बसवायच्या. टाकी म्हणजे लोखंडी विहीरच. पाण्याऐवजी तिच्यात केबल वेटोळं घालून बसते, फेऱ्यावर फेरा, थरावर थर. मधोमध एक शंकू उभा असतो, आतला फेरा फार आवळला जाऊ नये म्हणून. आणि विहिरीत माणसं असतात. केबल भरताना ती गोल फिरत तिला पायानं-हातानं जागेवर बसवतात. समुद्रात सोडताना प्रत्येक फेरा नीट सुटतो की नाही ते पाहत उभी राहतात. एका फेऱ्याऐवजी दोन उठले, तर ते दोन फेरे माणसाची वाट पाहत नाहीत.

म्हणून टाकीला दोन शिड्या. एक रोजची, एक आणीबाणीची. तिकडच्या इंजिनिअरांनी दोन्ही शिड्या टाकीच्या पुढच्या बाजूला, नाकाकडे काढल्या होत्या. मागची बाजू त्यांनी मोकळी का ठेवली, हे कागदावर लिहिलेलं नव्हतं, आणि इथं कोणी विचारलं नाही.

भार्गवनं मात्र वेगळं काहीतरी विचारलं.

“श्याम भाऊ, जहाजाचं तोंड कोणीकडं आहे?”

“पुढं,” श्यामकांत म्हणाला.

“तसं नाही नं. कागदावर.”

जहाजाचं नाक कागदावर उजवीकडे काढायची रीत आहे. श्यामकांतनं उजवीकडे बोट केलं.

“म्हणजे पूर्वेले!” भार्गव खूश झाला. “पूर्वमुखी जहाज. बहुत बढिया. मंग ही वरची बाजू उत्तर. आन् हा कोपरा?”

श्यामकांतनं आयुष्यभर घरं काढली होती. उत्तर तोंडात तयार होतं. त्यानं ते जरा वेळ तोंडातच ठेवलं.

“ईशान्य.”

“ईशान्येत शिडी?” भार्गवनं चष्मा काढला. वडिलांच्या मृत्यूनंतर पहिल्यांदाच तो इतका दुखावलेला दिसला. “कोणाच्याही घरी तुम्ही ईशान्येत जिना काढला असता काय?”

“सर, जहाज वळते. सकाळी तोंड पूर्वेले असन तर दुपारी दक्षिणेले.”

“बांधताना तर एकाच जागी उभं राहते नं? आपलं काम बांधण्यापुरतं. नंतर ते कोणीकडंबी जाओ.”

“त्यायच्या इंजिनिअरनं काही विचार करूनच—”

“त्यायच्या इंजिनिअरले ईशान्य माहीत आहे काय? नाही. मंग त्यानं विचार केला नाही.” भार्गव खुर्चीत मागं रेलला. “नैऋत्येले घ्या. जिना नैऋत्येत शुभ. आन् हा मधात खांब कायले? ब्रह्मस्थानात?”

खांबाबद्दल, म्हणजे त्या शंकूबद्दल, भार्गवनं खरंच तिकडे मेल पाठवला. हा विनोद आहे का, असं उलट उत्तर आलं. “विचार करून राहिले,” असं त्यानं ऑफिसला सांगितलं. पण खांब राहिला. शिडी हलली. श्यामकांतनं ती धरली, उचलली, नाकाकडून शेपटीकडे आणून ठेवली. समोरचा चहा गार व्हायच्या आत काम झालं. तिच्या डोक्यावरचं झाकणही अर्थातच तिच्याबरोबर आलं.

तिकडच्या तपासनिसानं काय केलं? त्याच्या नियमात दोन शिड्या एकमेकींपासून जितक्या लांब तितक्या बऱ्या, असं होतं. नैऋत्येला गेल्यामुळं ती आणखी लांब गेली. त्यानं ‘उत्तम सुधारणा’ असा शेरा मारला. भार्गवनं त्याची फ्रेम करून ऑफिसातल्या गणपतीशेजारी लावली. पाच हजार वर्षांचं शास्त्र शेवटी युरोपनं मान्य केलं, असं तो येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगे. खालच्या डेंटिस्टनं त्यानंतर आपली खुर्ची फिरवून घेतली.

श्यामकांतचा या सगळ्यावर विश्वास नव्हता. तो स्वतःला विवेकवादी समजे. बायको शारदा दर शनिवारी तेल वाहायला जाई, तेव्हा तो “शनीचे गुडघे दुखून राहिले काय?” म्हणे, आणि स्वतःच हसे. न पटलेली गोष्ट नीटनेटकी करून देण्यात मात्र त्याचा हात धरणारा रायपुरात दुसरा नव्हता.

पुढं ते जहाज बांधून झालं, आणि त्यावर त्याचा मुलगा चढला.

सौमित्रनं इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा केला होता आणि त्यानंतर दोन वर्षं सिलतऱ्याच्या कारखान्यात काळा धूर खाल्ला होता. जहाज कंपनीला केबलवर काम करायला माणसं हवी होती. भार्गवनं त्यांच्या एजंटकडे शब्द टाकला. सौमित्र मुंबईला गेला, आगीत कसं शिरायचं आणि पाण्यात कशी उडी मारायची याची सर्टिफिकेटं घेऊन आला आणि उडाला. चौबे कॉलोनीतल्या गणेश मंडळात श्यामकांत त्या वर्षी पहिल्यांदाच पुढच्या रांगेत बसला. “आमच्या जहाजावर आहे,” तो सांगे. आमच्या या शब्दावर जरा थांबे.

सौमित्र सकाळी फोन करी, तिकडची पाळी सुटली की. बारा तास काम, बारा तास सुट्टी, आणि सुट्टीत जायचं कुठं तर त्याच जहाजाच्या दुसऱ्या टोकाला. पोरगं मराठी सगळं समजे, उत्तर हिंदीत देई. केबल टाकायला लागलं की जहाज थांबत नाही, असं तो सांगे. माणूस शतपावलीला निघाल्यासारखं चालतं, पण दिवसरात्र. वारा सुटला तर नाक वाऱ्यात घालून, पोटाखालचे पंखे घुमवत जागच्या जागी उभं राहतं, आणि ते पंखे नेमके सौमित्रच्या उशीखाली होते. केबल तोडता येत नाही. तोडली तर पुन्हा जोडायला कित्येक दिवस जातात, आणि तेवढ्यात कोणाची तरी नोकरी जाते.

त्या सकाळी शारदा पोह्यांना फोडणी देत होती आणि फोन ओट्यावर डब्याला टेकवून उभा केला होता.

“पापा, देखो! आपका जहाज!” सौमित्र डेकवरून चालत होता. वारा माईकमध्ये घोंघावत होता. “कल से केबल डालना चालू.”

शेजारून एक डोकं घुसलं. नारिंगी कपडे, सावळा चेहरा, कोपरापर्यंत पांढरे हात.

“नमस्कार काका! मी संघर्ष. डोंगरगढचा. तुमचं पोट्टं मले इथं मराठी बोलू देत नाही.”

“हात कायले पांढरे रे?” शारदानं विचारलं.

“चुना, काकू. केबलचे फेरे एकमेकाले चिकटू नये म्हणून लावतो. इतका शिकलो, आन् समुद्रात येऊन चुना लावून राहिलो.”

शारदा हसली. श्यामकांतही हसला. मग सौमित्रनं फोन फिरवून टाक्या दाखवल्या. एक नंबर, दोन नंबर. टाकीतून केबल वर येते, ती ही अशी कढईसारख्या कड्यातून निघते आणि या लांब लोखंडी पन्हाळीतून मागं, पार शेपटीपर्यंत जाते, तिथून समुद्रात. पन्हाळ नवीच होती. ती काढायचं काम तिसऱ्याच देशातल्या कोणत्या तरी ऑफिसाकडे होतं. श्यामकांत ती पहिल्यांदाच पाहत होता.

“जरा थांब,” तो म्हणाला. “मागं घे. दोन नंबरची टाकी. तिच्या मागच्या बाजूले.”

“क्या देखना है?”

“घे तं.”

फोन मागं गेला. पन्हाळीच्या पोटाखाली लाल रंगाचं एक चौकोनी झाकण दिसत होतं. नैऋत्येचं. झाकण आणि पन्हाळ यांच्यामध्ये फार तर मांजर गेलं असतं.

“ते झाकण उघडून पाह्यलं कोणी?”

“वो इमर्जेन्सी वाला है, पापा. वो रोज कौन खोलता है? यार्ड में टेस्ट हुआ था, पेंट भी नया है.”

यार्डात झालं असणार. पन्हाळ बसायच्या आधी. तेव्हा ते सताड उघडलं असणार, आणि कोणीतरी समाधानानं मान हलवली असणार.

पोहे खाली लागल्याचा वास आला. शारदा फोनकडे पाहत होती.

श्यामकांत न खाताच ऑफिसला गेला. भार्गव गणपतीला उदबत्ती ओवाळत होता. ती ओवाळून होईपर्यंत थांबावं लागलं. मग श्यामकांतनं सांगितलं. कागदावर काढून दाखवलं: ही टाकी, ही पन्हाळ, हे झाकण, हे इतकंच उघडणार.

भार्गवनं बराच वेळ पाहिलं. तो मूर्ख नव्हता. हे श्यामकांतला नेहमीच अडचणीचं वाटे.

“पुढची शिडी चालू आहे नं?”

“आहे. पण केबल चालू असताना मागं उभा असलेला माणूस पुढं येईन कसा? मधात केबल. तो मागच्याच शिडीवर चढन. वर जाऊन डोकं आपटन त्याचं.”

“ते प्रोजेक्ट क्लोज झालं, श्याम भाऊ.”

“जहाज क्लोज नाही झालं नं सर. उद्यापासून केबल टाकून राहिले. एक मेल टाकू. झाकण तपासा, एवढंच.”

“एवढंच कसं? मंग ते विचारतीन शिडी हलवली कोणी. काहून हलवली. मी काय सांगू, ईशान्य?” भार्गवनं पहिल्यांदाच तो शब्द हळू आवाजात उच्चारला. “पुढच्या दोन जहाजांची बोलणी चालू आहेत. इथं दहा घरं जेवतात. तुमची रिटायरमेंट किती राहिली? आता मेल टाकला तर त्याचा अर्थ आपण चुकलो, असा होते.”

“चुकलोच नं.”

“तो मुद्दा वेगळा.” तो उठून खिडकीपाशी गेला. “शिडी हलवली कोणाच्या हातानं, तेबी विचारतीन. मी तर माउस धरत नाही, तुमाले माहीत आहे.”

खाली दवाखान्यात ड्रिलचा आवाज सुरू झाला.  

“तुमाले सौमित्रचीच काळजी आहे नं?” भार्गव मऊपणानं म्हणाला. “मंग त्याले सांगा, त्या टाकीत उतरू नको. बदली करून घे. घरातलं घरात. हव की नाही?”

आणि श्यामकांत “हव” म्हणाला. त्याला वाटलं, हा तात्पुरता उपाय आहे. आज पोराला बाहेर काढू, मग उद्या-परवा शांत डोक्यानं बाकीचं पाहू. मध्यमवर्गी माणसाचं डोकं उद्या-परवा नेहमीच शांत असतं.

पण पोराला सांगायचं काय? झाकण उघडत नाही म्हटलं, तर सौमित्र सरळ अधिकाऱ्याकडे जाणार. तो तसाच होता. श्यामकांतनंच त्याला तसा वाढवला होता, हे त्याला आता आठवलं आणि पटलं नाही. अधिकारी कंपनीला लिहिणार, कंपनी भार्गवला विचारणार, भार्गव माउसकडे बोट दाखवणार. आणि सौमित्रची नोकरी? बापानं केलेल्या जहाजाची तक्रार करणाऱ्या पोराला कोण ठेवतं?

संध्याकाळी त्यानं शारदाला सांगितलं, “सौमित्रले फोन लाव. सांग, साडेसाती आहे. अमावास्या होईपर्यंत लोखंडाच्या विहिरीत उतरू नको म्हणा.”

शारदा भाजी निवडत होती. तिनं हातातली शेंग खाली ठेवली.

“कोण बोलून राहिलं हे?”

“मी.”

“तुमाले कोणी सांगतलं?”

“ऑफिसात एक जण आले होते. मोठे आहेत. त्यायनं पत्रिका न पाहताच सांगतलं.”

तिनं त्याच्याकडे पाहिलं. तीस वर्षं तिनं या माणसाच्या तोंडून शनीच्या गुडघ्यांची चौकशी ऐकली होती. आता तिला विजय मिळाला होता आणि तिचा चेहरा पांढरा पडला होता. तिनं पुढं काही विचारलं नाही. देवावर विश्वास असलेल्या माणसाला घाबरायला कारण पुरतं, पुरावा लागत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन आला तेव्हा तिनं सगळं सांगितलं, वर आपल्या पदरचं घातलं. सौमित्र चिडला. मग हसला. मग आई रडायला लागली तसा म्हणाला, “ठीक है मम्मी, ठीक है. मैं डेक पे रहूँगा. किसी से बदल लूँगा.”

“कोणाशी?” श्यामकांतनं विचारलं.

ते नारिंगी कपडे पुन्हा चौकटीत आले.

“माझ्याशी, काका! याची साडेसाती मले द्या. आमच्या घरी पत्रिकाच बनवत नाही, त्यामुळं शनीले पत्ताच नाही भेटत आमचा.”

शारदा डोळे पुसता पुसता हसली. “गोड आहे पोट्टा. जेवला का रे?”

“जेवलो काकू. इथं भात असा बनवते का वाटते केबलवर लावायचा चुनाच उरला होता.” मग तो श्यामकांतकडे वळून म्हणाला, “काका, खरं सांगू? मले टाकीतच बरं वाटते. वर लय वारा. तुम्ही बनवली नं ही टाकी? सौमित्र सांगून राहिला होता सगळ्याले.”

श्यामकांतनं तोंड उघडलं. सांगायचं काही फार नव्हतं. एका वाक्याचं काम होतं. मागच्या शिडीनं जाऊ नको रे. कारणसुद्धा द्यायला नको होतं. पण कारण न देता सांगितलं, तर हा पोरगा विचारणार काहून. आणि हा हसतमुख पोरगा उत्तर मिळाल्याशिवाय सोडणाऱ्यातला दिसत नव्हता.

“जपून राहा बेटा,” श्यामकांत म्हणाला.

“हव काका.”

काही दिवसांनी बातमी सौमित्रनंच दिली. भर दुपारी, ऑफिसात, जेवणाचे डबे उघडले होते तेव्हा. एरवी तो या वेळी फोन करत नसे.

“संघर्ष गया, पापा.”

पुढचं तुकड्या-तुकड्यांनी कळलं. समुद्र उसळला होता. टाकीत खालचा फेरा वरच्याबरोबर उठला, कड्यात अडकला, आणि पोलादाचा तो फास टाकीभर फिरला. पुढच्या बाजूला उभे असलेले दोघं पुढच्या शिडीनं बाहेर आले. संघर्ष मागं होता. तो मागच्या शिडीवर चढला. वर डेकवर उभ्या असलेल्या सौमित्रला दिसलं, की पन्हाळीखालचं लाल झाकण थोडं वर येतंय आणि खाली बसतंय. पुन्हा वर येतंय. त्या फटीतून पांढरी बोटं दिसत होती. इंजिन थांबेपर्यंत ते दोन-तीनदा झालं. मग झालं नाही.

“ढक्कन खुलता ही नहीं था,” सौमित्र म्हणाला.  “आपने उस दिन पूछा था ना. ढक्कन के बारे में.”

श्यामकांतनं उत्तर द्यायच्या आत फोन कटला. रेंज गेली असणार, असं त्यानं स्वतःला सांगितलं.

भार्गवला खरंच वाईट वाटलं. त्या दिवशी त्यानं ऑफिस लवकर बंद केलं. दुसऱ्या दिवशी शांती करवली. ब्राह्मणाला आग्नेयेला बसवलं. प्रसाद देताना तो श्यामकांतच्या कानाशी म्हणाला, “श्याम भाऊ, मनाले लावून घेऊ नका. आता असा विचार करा, शिडी ईशान्येत राहिली असती, तर काय झालं असतं? एकावर निभावलं.” त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. त्यातलं किती धुराचं आणि किती श्रद्धेचं, हे श्यामकांतला ठरवता आलं नाही.

कंपनीकडून चौकशी झाली. ती फार दूर झाली, तीन देशांत मिळून, आणि तीन देशांत मिळून चौकशी झाली की दोष कुठंच नांदत नाही. नैऋत्येची शिडी नियमात बसत होती. पन्हाळ नियमात बसत होती. दोन्ही एकत्र बसत नव्हत्या, पण तसा नियम नव्हता. शेवटी ठरलं, की एक पर्यायी शिडी पुढं उपलब्ध असताना कर्मचाऱ्यानं घाबरून चुकीच्या बाजूला धाव घेतली. पुढच्या दोन जहाजांचं काम सागररेखाला मिळालं.

महिन्याभरानं सौमित्र परतला. बॅग खाली ठेवली, आंघोळ केली, आईच्या हातचं जेवला. बापाशी जेवढं लागेल तेवढंच बोलला. तिसऱ्या दिवशी म्हणाला, “डोंगरगढ जाना है. संघर्ष का सामान मेरे पास है. आप चलोगे.” वाक्याच्या शेवटी प्रश्नचिन्ह नव्हतं.

लोकलमध्ये दोघं समोरासमोर बसले. दुर्ग गेलं, राजनांदगाव गेलं. सौमित्रच्या मांडीवर एक निळी पिशवी होती. एकदा श्यामकांत म्हणाला, “मी जर सांगतलं असतं तर—” सौमित्रनं त्याच्याकडे पाहिलं. रागानं नाही, अनोळखी प्रवाशाकडे पाहावं तसं. श्यामकांतनं वाक्य तिथंच सोडलं, आणि मुलानं ते उचललं नाही.

संघर्ष गजभियेचं घर स्टेशनापासून जवळ होतं. संघर्षचे वडील बंडूजी रेल्वेत पॉइंट्समन होते, आता निवृत्त. त्यांनी दोन प्लास्टिकच्या खुर्च्या पुसून दिल्या आणि स्वतः पलंगाच्या कडेवर बसले. भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेबांच्या तसबिरी होत्या. खाली नारिंगी कपड्यातला संघर्ष, फोनमधून काढून मोठा केलेला, जरा फाटलेल्या रंगांचा. आई शांताबाईंनी पाणी आणलं. पिशवी घेतली, आत नेली. 

“तुमचं नाव लय सांगत होता,” बंडूजी म्हणाले. “काकानं बनवलेलं जहाज आहे म्हणे. आपल्या इकडचा माणूस आहे म्हणे. आमाले बरं वाटलं होतं. पोरगं लांब जाऊन राहिलं, पण घर आपल्याच माणसानं बांधलं आहे.”

श्यामकांतनं मान हलवली. घरं बांधल्याबद्दल त्याला पूर्वीही लोकांनी असं म्हटलं होतं.

“कंपनीवाल्यायचा कागद आला. हिंदीत करून दिला एका मास्तरनं.” बंडूजींचा आवाज सपाट होता. “घाबरला, असं लिहिलं आहे. उलटीकडं पळाला. आता मी तीस वर्षं गाड्यायच्या मधात उभा राहिलो. घाबरणारा माणूस मले कळते. हा पोट्टा घाबरणारा नव्हता. पण मी तिथं नव्हतो. तुम्ही बनवलं आहे. मले एकच समजावून सांगा. तिथून निघाले रस्ता होता काय?”

शांताबाई दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या.

“होता,” श्यामकांत म्हणाला.

“कसा? काढून दाखवा.”

त्यांनी रद्दीतलं एक पाकीट उलटं करून पुढं सरकवलं. खिशातला पेन दिला. श्यामकांतचा हात कागदावर आला की शांत होई. तसा तो झाला. त्यानं सुंदर वर्तुळ काढलं, एका झटक्यात, कंपास लावल्यासारखं. मधे शंकू. जहाजाचं नाक उजवीकडे. ही केबल वर जाते. ही रोजची शिडी. आणि आणीबाणीची शिडी त्यानं काढली पुढच्या कोपऱ्यात, वर उजवीकडे, जिथं ती तिकडच्या इंजिनिअरांनी आधी काढली होती. हात आपोआप तिकडे गेला. काढून झाल्यावर त्याला दिसलं, आणि त्यानं ते खोडलं नाही.

बंडूजी कागदावर वाकले. त्यांनी बोट शंकूवर ठेवलं, मग केबलवरून मागं नेलं, मग पुन्हा पुढं, त्या शिडीपाशी आणलं. तिथं काही आड येत नव्हतं. वरती आकाश मोकळं होतं.

“इथं शिडी होती?”

“हो.”

“मंग आमचा पोट्टा इकडून काहून नाही आला?” त्यांनी वर पाहिलं. आत्तापर्यंत त्यांचा आपल्या पोरावर विश्वास होता. आता समोर नकाशा होता, आणि जहाज बांधणाऱ्या माणसानं तो आपल्या हातानं काढला होता. “खरंच घाबरला असन काय?”

शांताबाईंनी पदराचा बोळा तोंडात घातला.

श्यामकांत उत्तर देणार होता. काय, ते त्याला माहीत नव्हतं. पण “अंधार असतो तिथं,” “अशा वेळी माणसाचं डोकं चालत नाही,” अशी दोन-तीन वाक्यं जिभेवर आलीच होती. तेवढ्यात सौमित्रनं त्याच्या बोटांतून पेन काढून घेतला. ओढून नाही; झोपलेल्या माणसाच्या हातातून वर्तमानपत्र काढावं तसा.

“घबराया नहीं था, चाचा,” तो म्हणाला. त्यानं कागद स्वतःकडे फिरवला, पुढच्या कोपऱ्यातल्या शिडीवर काट मारली, आणि मागं, जाड रेघांनी, पन्हाळ काढायला सुरुवात केली. “मैं बताता हूँ. सीढ़ी यहाँ थी ही नहीं. पहले थी, जहाज पर पुराने नक्शे में देखी मैंने. फिर हटाई गई.”

“कोणी?” शांताबाईंनी विचारलं.